फोटोची शाईही ठिबकनेच द्या



जोडधंदा म्हटला की आपल्याला शेळ्या, कोंबड्या, फार तर शिलाई यंत्र आठवते. पण आता घरची शिकलेली मुले-सुना फोटो छपाईचे काम सुरू करू म्हणतात. केज तालुक्यातले युसूफ वडगाव असो की आसपासची वाडी-वस्ती, शाळेचा प्रवेश, बँकेचे खाते, वसतिगृहाचा अर्ज, फोटोवाचून अडतेच. काम मिळेल, पण नफा शाई पिऊन टाकते.

लहान प्रिंटर स्वस्त मिळतो आणि त्याची कार्ट्रिज महाग पडते. तिच्यात शाई असते जेमतेम काही मिलिलिटर. यावर तोड म्हणून बाहेर टाक्या ठेवून नळ्यांनी शाई पुरवण्याची पद्धत निघाली. आधी कारागीर ती जोडून देत. २०१० मध्ये एप्सन कंपनीने टाकीसहित प्रिंटर इंडोनेशियात आणला. आज इतर कंपन्यांचेही मिळतात. नवीन घेणाऱ्याने असाच घ्यावा. जुन्याला बाहेरून टाकी जोडल्यास हमी जाऊ शकते, हे आधी विचारून घ्यावे.

ही व्यवस्था आपल्या ठिबकसारखीच आहे. टाकी, नळी आणि ड्रिपरच्या जागी छपाईचे हेड. जोडलेली टाकी प्रिंटरच्याच टेबलावर ठेवावी. उंच ठेवली तर शाई आपोआप गळते, फार खाली ठेवली तर नळीत हवा शिरते. टाकी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. शाई त्या यंत्रासाठी सांगितलेलीच भरावी, दोन जातींची मिसळू नये.

ड्रिपर क्षाराने बुजतो, हेड वाळलेल्या शाईने. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान छापावे. यंत्र त्याच्या बटणाने बंद करावे, बोर्डावरून नव्हे. तरच हेड टोपणाखाली जाऊन बसते. छपाईत वीज गेली, तर ती आल्यावर यंत्र चालू करून रीतीने बंद करावे. हेड साफ करण्याची आज्ञा उठसूट देऊ नये; त्यातही शाईच खर्च होते.

आता हिशेब. टाकीने शाई स्वस्त होते, कागद नाही. ४ × ६ इंची कागदावर पासपोर्टचे ८ फोटो बसतात. समजा, कागदाचे ५ रुपये आणि कार्ट्रिजच्या शाईचे ५, मिळून १० रुपये. टाकीमुळे शाई १ रुपयावर आली, तर कागद पडला ६ रुपयांना. दहांपैकी दोन कागद बिघडले, तर खर्च ६० रुपये आणि चांगले कागद आठ. म्हणजे एक साडेसात रुपयांना. वीज आणि यंत्राची झीज वेगळीच. आपल्या बाजारातले भाव घालून हाच हिशेब करावा.

शेवटी महत्त्वाचे. दिवाळीच्या सुमारास जे कुटुंब ऊसतोडीला जाते आणि घराला कुलूप लागते, त्याने एकट्याने हे यंत्र घेऊ नये. पाच-सहा महिने बंद राहिले, तर हेड वाळून सारा पैसा अडकेल. गावात राहणाऱ्या भावकीबरोबर किंवा बचत गटात भागी करावी. घेण्यापूर्वी महिनाभर वहीत टिपावे, फोटोसाठी गावातून केज-अंबाजोगाईला किती माणसे जातात. वही हो म्हणाली, तरच पैसे मोजावेत.