नागरिकशास्त्रात मार्क भरपूर, सातबाऱ्यावर नाव नाही

पोस्ट जरा मोठी आहे. शिक्षक, पालक, सरपंच यांनी वेळ काढून वाचावी ही विनंती.

मागच्या महिन्यात अमळनेरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. "सर, ओळखलं का?" म्हणत एक मुलगी पाया पडली. कडेवर दीड वर्षांचं पोर. माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला समाजशास्त्रात नव्वदच्या वर मार्क होते तिला. उद्देशिका एका दमात म्हणायची, म्हणून दर २६ जानेवारीला माइक तिच्याच हातात असायचा.

इकडे कुठं, असं विचारलं तर सहज म्हणाली, "वडील वारले ना सर दोन वर्षांपूर्वी. जमिनीचं काम होतं. भाऊ म्हणाला, 'बाई, आठे सही करी दे', तर रजिस्ट्री ऑफिसला जाऊन सही करून आले."

मी विचारलं, "कशावर सही केली?"

"माहीत नाही सर. हक्कसोड का काहीतरी म्हणत होते. सगळ्या बहिणी करतात."

गाडी आली, ती गेली. मी मात्र बराच वेळ बाकड्यावर बसून राहिलो. समानतेचा हक्क तिला मीच शिकवला होता. कलमाच्या नंबरासकट. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हक्क कागदावर तिच्यासमोर आला, तेव्हा तो आपला आहे हेच तिला कळलं नाही.

गैरसमज नको. भावाला जमीन सोडावी की नाही हा तिचा प्रश्न आहे. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून आपल्याकडच्या कितीतरी बहिणी समजून-उमजून सोडतात. पण समजून सोडणं वेगळं आणि न कळता अंगठा मारावा तशी सही करणं वेगळं. ही मुलगी अडाणी नाही, नव्वद मार्कांची आहे. म्हणून हा दोष मी आधी माझ्या पदरात घेतो.

दोन जिल्ह्यांत मिळून माझी पंचवीस वर्षं झाली. पहिली काही शिंदखेडा तालुक्यात, बाकीची चोपड्याकडे. इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. या विषयाची आपण काय गत केलीय ते सांगतो.

गेली काही वर्षं चालत आलेली पुस्तकं घ्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद सहावीत. मूलभूत हक्क सातवीत. संसद आणि न्यायालय आठवीत. नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणूक, पक्ष, चळवळी. म्हणजे ग्रामसभा शिकताना पोरगं अकरा वर्षांचं, हक्क शिकताना बारा वर्षांचं. ज्या वयात त्याला पहिला जातीचा दाखला काढायला सेतू केंद्रात उभं राहावं लागतं, त्या वयात आपण त्याला सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य पाठ करायला लावतो. दहावीच्या ४० मार्कांच्या पेपरात राज्यशास्त्राला १२ मार्क. १२ मार्कांसाठी किती तास मिळणार? फेब्रुवारीत "महत्त्वाचे प्रश्न" सांगितले की संपलं. पुढं सायन्सला किंवा आयटीआयला गेलेल्या पोराचा या विषयाशी संबंध कायमचा तुटतो. मतदानाचं वय १८. मधली दोन-तीन वर्षं कोरडी.

पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. भाषा सोपी आहे, उपक्रमही दिलेत. आपण ते उपक्रम सोडून फक्त "स्वाध्याय" सोडवून घेतो. २०२० च्या २६ जानेवारीपासून शाळांत उद्देशिकेचं वाचन सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण रोज प्रार्थनेसारखी म्हटलेली गोष्ट पोरांना प्रार्थनेसारखीच वाटते. देवाची. आपली नाही.

संविधान म्हणजे दिल्लीत कुणीतरी लिहिलेलं जाड पुस्तक, ही समजूत तर खान्देशात अजिबातच शोभत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं. अध्यक्ष पंडित नेहरू. व्यवस्थेचा भार धनाजी नाना चौधरींवर, आणि साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी फिरलेले. इंग्रजांचा १९३५ चा कायदा नको, प्रौढ मताधिकारानं निवडलेली आमची स्वतःची घटना समिती हवी, ही मागणी त्या मांडवात ठरावानं केली गेली. यावल-रावेर रस्त्यानं रोज फैजपूरवरून जाणाऱ्या पोरांना हे विचारून बघा.

आणि दुसरं नाव हरिभाऊ पाटसकर. घटना समितीचे सदस्य, पहिल्या लोकसभेत जळगावचे खासदार. १९५६ चा हिंदू वारसा कायदा संसदेत ज्यांनी मंत्री म्हणून पुढं नेला ते हेच. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा त्या कायद्यानं आला, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार झाली. जळगावच्या खासदारानं ज्या कायद्यासाठी संसदेत बाजू लढवली, त्याच कायद्यातला वाटा जळगाव जिल्ह्यातली मुलगी न वाचता सोडून देते. आणि मधल्या साखळीत मी, तिचा मास्तर.

त्यामुळे गेली चार-पाच वर्षं मी शिकवण्याची पद्धत बदललीय. फार मोठं काही नाही.

पहिल्या तासाला फळ्यावर फक्त एक प्रश्न लिहितो: "नळाला पाणी नाही. अर्ज कुणाकडे?" उत्तरं येतात आमदार, पालकमंत्री, कलेक्टर. ग्रामपंचायत म्हणणारा एखादाच. मग प्रत्येकानं स्वतःचा पत्ता लिहायचा. वॉर्ड, ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण, झेडपीचा गट, विधानसभा, लोकसभा. इथं मजा येते. साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण लोकसभेला नंदुरबारात. चोपडा जळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला रावेरात. जळगावचा खासदार तो आपला खासदार असं समजणारी पोरं चाट पडतात. अहो, पोरांचं सोडा, स्टाफरूममध्येही दोघं चुकले!

दुसरं, मॉनिटर मी नेमत नाही, निवडणूक घेतो. अर्ज, छाननी, माघार, चिठ्ठीवर गुप्त मतदान, सगळ्यांसमोर मोजणी. पहिल्याच वर्षी एका उमेदवारानं मधल्या सुट्टीत पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पाकिटं वाटली. तक्रार आली. मी निकाल दिला नाही, पोरांनाच आचारसंहिता लिहायला लावली. त्यांनी लिहिलं, "खायला देणाऱ्याचं खावं, पण सांगून टाकावं." हसलो. मग त्याच वाक्यावर पूर्ण तास चर्चा झाली. ती चर्चा पोरं आजही विसरली नाहीत.

तिसरं, ग्रामसभा. सरपंचांची परवानगी घेऊन नववीचा वर्ग मागच्या सतरंजीवर नेऊन बसवला. बोलायचं नाही, फक्त मोजायचं आणि लिहायचं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जे कमी असेल ते लागतात. आमच्या गावाला १०० लागतात. पोरींनी डोकी मोजली: ३४. त्यात बाया ५. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात त्याहून कमी माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर. परत येताना एका मुलीनं विचारलं, "सर, आपलीच माणसं येत नाहीत, मग नंतर पारावर शिव्या कोणाला देतात?" हे मी कुठल्या धड्यातून शिकवणार होतो?

यावर हमखास ऐकू येतं, "सर, शाळेत राजकारण नको." ही भीती मला मान्य आहे. वर्गात मास्तरनं आपला पक्ष काढला तर मी स्वतः त्याच्या विरोधात उभा राहीन. माझा नियम साधा आहे: पक्षाचं नाव नाही, आजच्या कुठल्या नेत्याची स्तुती नाही, निंदा नाही. फक्त कायदा, नकाशा, तारीख आणि अर्जाचा नमुना.

पण तारीख सांगणं हे राजकारण नाही. जळगाव आणि धुळे महापालिकांची मुदत २०२३ मध्येच संपली. संविधानाचं कलम २४३-यू म्हणतं, मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि दोन वर्षांहून जास्त काळ दोन्हीकडे प्रशासक. शेवटी सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. त्या काळात शहरातल्या पोरानं "आमचा नगरसेवक कोण?" विचारलं तर मास्तरनं काय सांगायचं होतं? पुस्तकात आहे ते, की गल्लीत आहे ते? दोन्ही सांगायचं. आणि दोन्हीत अंतर का पडलं तेही सांगायचं. नागरिकशास्त्र म्हणजे दुसरं काय असतं?

नव्या धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलतायत. म्हणून बोलायची वेळ हीच आहे. माझं मागणं तीन गोष्टींचं.

एक, स्थानिक शासन आणि मूलभूत हक्क नववी-दहावीत पुन्हा आणा, वापरायच्या अंगानं. सातबारा वाचणं, माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज, सेवा हमी कायद्यात दाखल्याची मुदत, वारसाचे हक्क, मतदार नोंदणी.

दोन, अंतर्गत २० मार्कांतले थोडे ग्रामसभेला बसून लिहिलेल्या टिपणासाठी ठेवा. वहीला कव्हर घातलं म्हणून मार्क देण्यापेक्षा ते बरं.

तीन, हे सरकारच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. मुख्याध्यापकांनी एक तास सोडावा, सरपंचांनी मागची सतरंजी द्यावी, आणि आईबापांनी "ते मार्काचं नाही, गणित कर" असं म्हणू नये.

त्या मुलीचा नंबर मी शोधून काढला. फोन केला. म्हटलं, बाई, त्या कागदाची नक्कल मागून घे आणि एकदा नीट वाच. भांडायला नको, पण वाच. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, हे तेव्हाच शिकवलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदाच्या नववीला पहिल्याच आठवड्यात सातबारा वाचायला देणार आहे. घरून झेरॉक्स आणा म्हणून सांगितलंय. त्यावर आईचं, आत्याचं नाव आहे का, एवढंच शोधायचं आहे.

तुमच्या गावात, तुमच्या शाळेत काय चालतं? खाली लिहा. आणि येत्या ग्रामसभेला घरातल्या पोराला-पोरीला सोबत घेऊन जा.