वॉरंटीतल्या पिकअपला जादा पाटा

मंडळी, भातकापणी आटोपत आली की आपल्या मावळात दोन कामांना जोर येतो. एक झोडणीचं आणि दुसरं पाटेवाल्याचं. गाडी नवीकोरी, सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नसतो आणि मागची चाकं काढून ती जॅकवर चढवलेली. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मागून लई बसते हो, दोन पाटे वाढवून घेतो."

माझं मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटी चालू असताना हे करू नका. पैसे बुडतील हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण घाटात आहे.

आधी वजनाचं बघू. आरसी बुकावर गाडीचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही छापलेलं असतं. वजाबाकी करा. समजा १५०० किलो आलं, तर त्यात डीएपीच्या ५० किलोच्या ३० गोण्या बसतात, युरियाच्या ४५ किलोच्या ३३. ड्रायव्हर आणि हमालही त्याच हिशेबात. आपण टाकतो ५० गोण्या आणि वर म्हणतो गाडी बसते. अहो, बसणारच. पाटा वाढवला म्हणजे गाडी बसायची थांबते, पण ॲक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक आहेत तेवढेच राहतात. जास्त वजन आता दिसत नाही एवढाच फरक पडतो. त्यातून कुणी जाड पाटा घातला तर आणखी वाईट. पाट्याची जाडी दीडपट केली की त्याचा ताठपणा तिपटीच्या वर जातो. मग सगळा भार तो एकटाच ओढतो आणि बऱ्याचदा पहिला तोच तुटतो.

आता ब्रेक. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. चासी आणि ॲक्सल यांच्यात त्याचा बारीकसा रॉड किंवा स्प्रिंग असते. माल भरून बॉडी खाली आली की व्हॉल्व्हला कळतं, वजन आहे, मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्या. गाडी रिकामी असेल तर मागचा ब्रेक कमी, नाहीतर पावसात मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. दोन टन माल वर आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! सगळा ताण पुढच्या ब्रेकवर, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो.

हे सपाटीवर कदाचित चालून जाईल. आपलं मात्र सगळं उलटं आहे. वाशी मार्केटला किंवा दादरच्या फुलबाजाराला जायचं तर भरलेली गाडी बोरघाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. दुधिवरे खिंडीतून माल खाली आणणाऱ्यांनाही वेगळं सांगायला नको. काही मेकॅनिक तो रॉडच तारेनं वर बांधून टाकतात. मग भरल्यावर ब्रेक लागतो, पण लोणावळ्याच्या पावसात रिकामी गाडी मागून घसरते. असलं काम करून घेऊन वर पैसे देऊ नका.

मालाचंही बघा. पाटे भरपूर वजनासाठी ताठ केलेले, आणि आपण नेतो काय? पॉलिहाऊसचा गुलाब, टोमॅटो, कधी कोथिंबीर. हा माल जागा जास्त व्यापतो, वजन मात्र कमी. ताठ पाट्यावर हलकी गाडी दगडासारखी आपटते. लोणावळ्याकडं वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत रस्त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. काढणीपश्चात नुकसानीवर आपण प्रशिक्षणं घेतो, क्रेट घेतो, प्रीकूलिंग करतो, आणि शेवटी माल दगडी गाडीत टाकतो. कृषी विभागातल्या मित्रांनी या विषयावर शिबिरात अर्धा तास तरी बोलावं.

वॉरंटीचा अनुभव पवन मावळातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात दोन पाटे वाढवले. अकराव्या महिन्यात मागून गुरगुर आवाज, जॉइंट आणि डिफरन्शियल गेलं. सर्व्हिस सेंटरनं फोटो काढले आणि दावा नाकारला. त्याला वाटलं फसवलं. मला तसं वाटत नाही. मागची बाजू उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि जॉइंट लवकर झिजतो, शिवाय वर जादा वजन. वॉरंटीच्या पुस्तकात बदल आणि ओव्हरलोड यांनी झालेली खराबी बहुतेक कंपन्या वगळतात. ते पुस्तक आपण उघडतच नाही, ही आपली जुनी खोड.

पण कंपनीची बाजू इथंच संपते. पाटे वाढवले म्हणून डॅशबोर्डचा मीटर किंवा हॉर्नसुद्धा वॉरंटीत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. बदलामुळंच तो भाग बिघडला, हा संबंध त्यांनी दाखवावा. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे, तिथं साधारण याच तत्त्वावर भांडता येतं. आपल्याकडं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी असेल तर धंद्याची गाडी म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. नकार लेखी मागा. तोंडी नकाराला काही किंमत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी पाटे काढून नेणारेही आहेत. यू बोल्टच्या खुणा आणि घासलेला रंग बघून मेकॅनिकला दोन मिनिटांत कळतं. आणि एकदा असं पकडलं की खऱ्या तक्रारीवरही विश्वास बसत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकानं केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पाटा आरसीवर लिहिलेला नसतो, तेव्हा त्यावर वाद घालता येईल. ओव्हरलोडवर मात्र वाद नाही. केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २००० आहेत. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, हेही लक्षात असू द्या.

मग करायचं काय? गाडी घ्यायच्या आधी वर्षातला सगळ्यात जड माल कोणता ते मोजा आणि तेवढ्या क्षमतेचं मॉडेल घ्या. हप्ता थोडा वाढेल. वर्षातून चारच वेळा जड माल असेल तर त्या चार वेळेला भाड्यानं आयशर सांगा, दोघा-तिघांनी मिळून. माल मागच्या फाळक्याकडं न रचता केबिनकडं रचा. टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. आणि भरलेली नसतानाही गाडी मागून बसत असेल, तर तो पाट्यातला दोष असू शकतो. तो वॉरंटीत दाखवा, जॉबकार्डवर लिहून घ्या, कॉपी घरी ठेवा.

कुणी आधीच पाटे वाढवले असतील तर पुढच्या घाटाआधी निदान तो ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासून घ्या. रॉड बांधलेला दिसला तर आजच सोडवा.