खिडकीआडची शेती

पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीत भाड्याच्या खोल्यांतून वाढविलेली गांजाची झाडे पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या. खिडक्या झाकावयाच्या, आत दिवे जाळावयाचे आणि झाडांचा उग्र दर्प शेजाऱ्यांस न कळेल अशा बेताने बाहेर सोडावयाचा, असा हा उद्योग.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लागवड शेतात असो वा कुंडीत. जाणूनबुजून घर वापरू देणारा मालकही त्याच शिक्षेस पात्र ठरतो. परंतु अशा लागवडीची खबर देण्याचे जे कर्तव्य कलम ४६ व ४७ अन्वये जमीनधारकांवर आणि पंच-सरपंचांवर टाकलेले आहे, तेथे शब्द आहे तो ‘जमीन’. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उघडे शिवार होते. आज ते शिवारच खोलीत शिरले आहे. या कलमांत ‘जमीन अथवा वास्तू’ अशी दुरुस्ती संसदेने करावी, असे आम्हांस वाटते.

तोवर गावानेच जागे राहिले पाहिजे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून हळर्णसारखा आतला गावही बाहेरच्यांना दूर राहिलेला नाही. आगाऊ भाडे हाती पडले म्हणून घरमालकाने आपल्याच घराकडे पाठ फिरवू नये. ऐन वैशाखातही न उघडणारी खिडकी आणि एका खोलीचे अवाच्या सवा वीजबिल यांविषयी विचारणा करणे हा चोंबडेपणा नव्हे. दारी आलेल्यास पाणी विचारणारे हे गाव. त्याने एवढेही विचारावे.