मॅन रेचे आत्मचित्र: तारीख १९१६ की १९७०?

मॅन रे याचे ‘आत्मचित्र’ अनेकांनी पाहिले असेल. वर दोन विजेच्या घंटा, मध्ये हाताच्या पंजाचा ठसा, खाली एक बटण. चेहरा नाहीच. ही प्रतिमा टाकणारे खाली ‘१९१६’ एवढेच लिहून मोकळे होतात. प्लेक्सिग्लासवरील छपाईखाली ही एकटी तारीख लिहिणे म्हणजे साधनाची खोटी ओळख करून देणे होय. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी हे करू नये.

न्यूयॉर्कच्या डॅनियल गॅलरीत मांडलेली मूळ कृती छापील नव्हती. काळ्या आणि अॅल्युमिनियम रंगाची पार्श्वभूमी, तिच्यावर बसवलेल्या खऱ्या घंटा, खरे बटण आणि रंगाने माखून उमटवलेला स्वतःचा हात. हा हात हीच सही. प्रेक्षक बटण दाबत, घंटा मात्र वाजत नसे. लोक संतापत, या गृहस्थाला तारा जोडणेही जमत नाही, असे त्यांना वाटे! १९६३ च्या आत्मचरित्रात मॅन रेने हा प्रसंग सांगितला आहे. प्रेक्षकाने निर्मितीत सहभागी व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. ती कृती पुढे हरवली, तिचे छायाचित्र तेवढे उरले.

१९७० मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याने तेच आत्मचित्र स्क्रीन प्रिंट म्हणून मोजक्या प्रतींत पुन्हा काढले. आता घंटा छापील आणि बटणही छापील. ते दाबायला कोण जाणार, आणि संतापणार तरी कोण?

यावर एक ठरलेला शेरा ऐकू येतो: ‘म्हातारपणीचा धंदा, सोडून द्या.’ हा शेरा आळशी आहे. मॅन रेने कल्पनेला नेहमीच वस्तूच्या वर ठेवले. खिळे चिकटवलेली त्याची इस्त्री, म्हणजे ‘भेट’, १९२१ साली पॅरिसच्या प्रदर्शनातून नाहीशी झाली. पुढे तिच्या प्रतिकृती निघत राहिल्या. १९७४ ची आवृत्ती तर ५,००० प्रतींची होती. मूळ वस्तूच्या पावित्र्याचा दंडक ज्याने स्वतःच झुगारला, त्याला त्याच दंडकाने दोषी कसे ठरवणार?

परंतु हाच युक्तिवाद त्याच्यावर उलटतोही. कल्पना श्रेष्ठ आणि प्रत निर्दोष असेल, तर आत्मचित्राच्या प्रती मोजक्याच का? स्क्रीन प्रिंटच्या एकाच जाळीतून शेकडो प्रती सहज निघतात. हात आखडता घेण्याची गरज तंत्राला नसते, ती बाजाराला असते. आणि तो पंजा! १९१६ मध्ये तो एकदाच, ओल्या रंगाने उमटला होता. १९७० मध्ये प्रत्येक प्रतीवर तोच, तंतोतंत.

म्हणून ‘१९१६/१९७०’ अशी दुहेरी तारीख लिहा. डॅनियल गॅलरीतील त्या चिडलेल्या प्रेक्षकांविषयी लिहायचे असेल, तर जुने कृष्णधवल छायाचित्र लावा. प्लेक्सिग्लासची प्रत हाही अस्सल पुरावाच आहे, पण तो १९७० च्या कलाबाजाराचा. इस्त्रीच्या ५,००० प्रतींची गोष्ट पुढील धाग्यात.