"आता पुरे" हे त्याला बोलता येत नाही

खरं सांगतो, ही पोस्ट लिहायला मला दीड वर्ष लागलं.

आमचा मोती तेरा वर्षांचा होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हा आता बरा होणार नाही. त्रास तेवढा कमी करू." मी ऐकलं नाही. रोह्याहून मुंबईच्या तीन फेऱ्या केल्या. सलाईन, सुया, पुन्हा तपासण्या. तिसऱ्या फेरीहून परतताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये मोती गाडीतच गेला. बाहेर हॉर्न वाजत होते आणि तो मुलाच्या मांडीवर धापा टाकत होता. त्या तीन फेऱ्या मी त्याच्यासाठी नव्हे, माझ्या मनाच्या समाधानासाठी केल्या, हे आज कळतंय.

म्हणून सांगतो. जनावर अखेरच्या दुखण्यात असेल तर डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा. बरा होणार, की नुसते दिवस वाढणार? त्या दिवसांत तो स्वतः उठेल, खाईल का? दुखणं घरच्या घरी औषधाने आवरेल का? आवरत असेल तर घरीच, त्याच्या जागेवर ठेवा. आवरत नसेल तर शांत मरणाचा विचार करण्यात पाप नाही. आधी गुंगीचं औषध देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. तो झोपेतच जातो. तेव्हा जवळ बसा, हात फिरवा.

"जीव देता येत नाही तर घ्यायचा कसा?" असं लोक म्हणतात. १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववलं, तेव्हाही टीकेची झोड उठली होती. ही अहिंसाच आहे, असं त्यांनी जाहीरपणे मांडलं. त्यांचे शिष्य विनोबा तर आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनी स्वतःहून अन्न आणि औषध थांबवलं. माणूस आपल्यापुरतं ठरवू शकतो. मुक्या जनावराचं आपल्यालाच ओळखावं लागतं.

याची दुसरी बाजूही आहे. म्हातारा, आजारी कुत्रा हायवेला नेऊन सोडणारे आपल्यातच आहेत. ही दया नव्हे. उपाशी-तहानेलं मरायला जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गाडीखाली येऊन तडफडणाऱ्या भटक्या कुत्र्याचंही तेच. असाध्य आजारी किंवा वाचण्यापलीकडे जखमी कुत्र्याला पशुवैद्याने वेदनेविना मरण द्यावं, अशी तरतूद २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. दगड किंवा विष घालणं त्यात बसत नाही.

पेण आणि रोह्यातल्या पशुवैद्यांना हात जोडून विनंती, अशा वेळी शक्य असेल तर घरी या. घरच्यांना खोटी आशा दाखवू नका. दोन्ही नगरपरिषदांना विनंती, पाळीव जनावरं पुरण्यासाठी जागा ठरवा आणि तसा फलक लावा. इंजेक्शनचं औषध मृत शरीरात राहतं, ते उघड्यावर टाकलं तर खाणारी घार, कावळा, कुत्रा यांचाही जीव जातो. म्हणून खोल खड्डा हवाच.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांचं ऐकलं असतं, तर मोती आमच्या पडवीत, त्याच्या गोणपाटावर गेला असता.