साठीनंतरची धुळाक्षरे

नोव्हेंबर महिना उजाडला की पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी येथील बँकांच्या दारांत सकाळी नऊपासूनच पांढऱ्या केसांची एक रांग लागते. कोणाच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पासबुक, कोणाजवळ आधारकार्डाची झेरॉक्स, कोणाबरोबर अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला मुलगा. आपण अद्याप हयात आहोत, एवढेच या मंडळींना सरकारदरबारी सिद्ध करावयाचे असते.

वास्तविक हे काम घरबसल्या होऊ शकते. ‘जीवन प्रमाण’ ही संगणकावरून हयातीचा दाखला देण्याची योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. आरंभी तीत बोटांचे ठसे उमटवावे लागत. ज्याने तीस-पस्तीस वर्षे लेथवर, ग्राइंडिंगवर किंवा ओतशाळेत काढली, त्याच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडेनात. माझे वडील टर्नर होते. लागोपाठ दोन वर्षे त्यांचा अंगठा यंत्राने नाकारला, तेव्हा ‘कंपनीने घेतला तो अंगठा’ असे ते हसत म्हणाले; पण त्या हसण्यात गंमत फारशी नव्हती. २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला. शिवाय भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला वर्षातून कोणत्याही दिवशी देता येतो आणि तो पुढे बारा महिने चालतो. नोव्हेंबरची सक्ती त्यांच्यापुरती २०२० पासूनच उरलेली नाही. तरीही रांग आहे. याचा अर्थ, सोय झाली. पण ती ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यापर्यंत तिचे ज्ञान पोचले नाही.

या रांगेतल्या माणसांना अडाणी ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु ही माणसे कोण आहेत, हे एकदा पाहावयास हवे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि त्या दशकात माळरानाचे कारखान्यांत रूपांतर झाले. टेल्कोने १९६६ साली येथे पाय रोवला तो मोटारी बांधून नव्हे. सुमंत मुळगावकरांच्या धोरणानुसार आधी यंत्र-हत्यारे आणि कामगारांचे प्रशिक्षण हे दोन विभाग उघडले गेले. सातारा, सांगली, नगर, सोलापूर येथून आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातूनही तरुण मुले येथे आली. त्यांनी ड्रॉइंग वाचावयास शिकून घेतले, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजला आणि पुढे चाळिशीत संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रेही आत्मसात केली. ज्याने आपल्या उमेदीत संगणकाला पोलाद कापावयास लावले, तोच मनुष्य सत्तरीत खिशातल्या मोबाइलला बिचकतो, ही घटना केवळ वयाने समजावून सांगता येणार नाही. कारखान्यात त्याला शिकवणारा कोणीतरी होता, कामाच्या वेळात शिकवत होता, आणि तो शिकला नाही तर नुकसान मालकाचे होते. आता तो शिकला नाही तर नुकसान त्याचे एकट्याचे आहे, म्हणून शिकवणारा कोणी नाही.

अर्थशास्त्रात याला उत्तर तयार आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलाचा जो सिद्धांत मांडला, त्यानुसार शिक्षण ही गुंतवणूक होय आणि परताव्याची वर्षे जितकी कमी, तितकी ती गुंतवणूक कमी किफायतशीर. हा सिद्धांत मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे आणि तो खोटा आहे असे म्हणण्याचा माझा मानस नाही. मात्र त्यात परतावा मोजला जातो तो वाढीव वेतनाने. निवृत्ताच्या बाबतीत परतावा म्हणजे वाचलेली रांग, वाचलेली दलाली आणि न झालेली फसवणूक. आणि साठीला पोचलेल्या माणसाला आपल्या देशात सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे आयुष्य असते. अठरा वर्षे चालणाऱ्या गुंतवणुकीला कोणता व्यापारी नाही म्हणेल?

शासनाने मात्र बेकर न वाचताच अमलात आणला असावा. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा वयोगट होता १५ ते ३५. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा वयोगटही तोच. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आले. सहा कोटी लोकांना शिकवण्याचे उद्दिष्ट, कुटुंबामागे एक व्यक्ती, वीस तासांचे शिक्षण आणि वय १४ ते ६०. मार्च २०२४ अखेर ते संपले. ते ग्रामीण भागापुरते असल्याने पिंपरी-चिंचवड त्यात बसलेच नाही, आणि चाकण परिसरातील जी गावे बसली तेथील साठीपुढचा मनुष्य वगळला गेला. १९७८ साली चाळिशीत असलेल्या निरक्षराला शासनाने उशीर झाला म्हणून सांगितले. २०१७ साली पासष्टीतल्या साक्षरालाही तेच सांगितले. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ च्या पुढे वरची मर्यादा नाही आणि डिजिटल कौशल्यांचाही समावेश आहे, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. परंतु तो कार्यक्रम निरक्षरांसाठी आहे. आमचा टर्नर साक्षर असल्यामुळे तेथेही अपात्र!

चाकणकडची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे ज्यांच्या जमिनीचा काही भाग कारखान्यांखाली गेला आणि काही उरला, अशा घरांत मुलगा कंपनीत पाळीवर जातो व उरलेली दोन एकरे बाप पाहतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून संगणकावर मिळू लागला, ही सोय मोठी आहे. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची, असे तिचे स्वरूप. जो प्रत्यक्ष कांदा लावतो त्याला मोबाइल चालवता येत नाही आणि ज्याला येतो तो तळेगाव रस्त्यावरच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो. नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी कागद अडतो.

‘नातवंडे करून देतात की!’ असे यावर हमखास ऐकू येते. करून देतात, हे खरे. पण करून देणे आणि शिकवणे यांत अंतर आहे. नातू मोबाइल हातातून घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि परत देतो. आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा तेथेच. शिवाय बँकेचा गुप्त क्रमांक घरातल्या चौघांना ठाऊक होतो. एखाद्या विधवा आईला आपल्या खात्यात किती रक्कम आहे हे सुनेला विचारावे लागावे, ही गोष्ट पैशाच्या हिशेबात बसत नाही. परंतु ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांना ती रकमेपेक्षाही मोठी वाटते.

घरात कोणी नसेल तर कोपऱ्यावरचा सायबर कॅफे आहे. एका फॉर्मचे पन्नास, कधी शंभर रुपये. ही रक्कम किरकोळ वाटणाऱ्यांनी पुढील हिशेब पाहावा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. २०१० साली निवृत्त झालेल्या कामगाराची त्या योजनेतील सेवा पंधरा वर्षांची. तेव्हाची वेतनमर्यादा ६,५०० रुपये. सूत्राप्रमाणे ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे दरमहा सुमारे १,३९३ रुपये. आधीच्या सेवेबद्दलची थोडी भर निराळी. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये ठरले. या उत्पन्नातून शंभराची नोट जाणे म्हणजे काय, हे नोकरदारांना सांगावयास नको. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा वाढीव निवृत्तिवेतनाबाबतचा निकाल लागला, तेव्हा संयुक्त विकल्पाचे अर्ज संकेतस्थळावरूनच भरावयाचे होते आणि त्याची मुदत लांबत लांबत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. आयुष्यभराच्या उत्पन्नाचा हा निर्णय अनेकांनी कोणा अनोळखी पोऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत घेतला.

आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात दोन वर्षांपूर्वी रविवारी दोन तासांचा संगणकवर्ग सुरू झाला. कोणा कार्यालयाने मोडीत काढलेले चार संगणक मिळाले. प्राध्यापक म्हणून शिकवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले आणि मी ते साहजिकच बिघडवले. पहिल्या दिवशी मी हार्डवेअर म्हणजे काय, सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे व्याख्येसह सांगितले. अकरा जण आले होते. पुढच्या रविवारी सहा उरले. तेव्हा टूलरूममधून निवृत्त झालेले एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, नवीन पोराला मशीनवर घेतला की आम्ही आधी लाल बटण दाखवायचो. बंद कसं करायचं ते कळलं की माणूस भीत नाही.’’

तिसऱ्या रविवारपासून त्यांनी शिकवले व मी खुर्च्या लावल्या. पहिला संपूर्ण तास त्यांनी ‘मागे कसे जायचे’ एवढ्यावर घालवला. चुकीचे दाबले तर मागे या, पडदा ओळखीचा वाटला नाही तर मागे या, फोनवरचा माणूस घाई करू लागला तर फोनच बंद करा. नंतर प्रत्येकाने वहीत आपल्या हाताने पायऱ्या लिहून घेतल्या, आणि कोणाच्याही यंत्राला शिकवणाऱ्याने हात लावावयाचा नाही, असा नियम झाला. हा नियम पाळणे मला अजूनही जड जाते. गळालेले पाच जणही पुढे परत आले.

पैशाच्या व्यवहाराचे धडे याच रीतीने झाले. पैसे घेताना पिन लागत नाही, तो देतानाच लागतो, हे एक वाक्य फळ्यावर महिनाभर होते. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे, हेही सर्वांनी लिहून घेतले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाचा दोष नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. गुप्त क्रमांक स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. हा फरक समजलेला मनुष्य गप्प बसत नाही. लाजेने दडवून ठेवण्यात जे मोलाचे दिवस जातात ते वाचतात.

समवयस्कांनी समवयस्कांना शिकवावे ही कल्पना आमच्या टूलरूमची मक्तेदारी नव्हे. फ्रान्समध्ये तुलूझ येथे १९७३ साली ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ निघाले. इंग्लंडमध्ये ती चळवळ १९८० नंतर गेली तेव्हा तिने प्राध्यापकांना रजा दिली आणि सभासदांनीच एकमेकांना शिकवावे असे ठरवले. अमेरिकेत १९८६ साली ज्येष्ठांना संगणक शिकवणारी ‘सीनियरनेट’ ही संस्था निघाली. जपानच्या मासाको वाकामिया या निवृत्त बँक कर्मचारी. त्यांनी २०१७ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, मोबाइलवरचा बाहुल्यांचा एक खेळ स्वतः तयार केला. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. तेथे गुलाबी नऊवारी नेसून आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. तेथे कोणी वयाचा दाखला पाहून प्रवेश नाकारला नाही.

एक इशारा मात्र येथेच दिला पाहिजे. ज्येष्ठांना शिकवा, या मागणीचा आधार घेऊन खिडक्या बंद करण्याचा मोह कार्यालयांना होईल. ‘आता सगळे मोबाइलवर आहे’ हे वाक्य मी स्वतः एका कार्यालयात, काठी टेकत आलेल्या बाईंना उद्देशून उच्चारलेले ऐकले आहे. ज्याची दृष्टी गेली आहे, ज्याचा हात कापतो, किंवा ज्याला शिकावयाचेच नाही, त्याचाही खिडकीवर हक्क आहे. सत्तरीपुढील ग्राहकांना बँकेच्या मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सांगितले. ही सेवा मागणारे किती आणि ती आहे हे ग्राहकांना आपण होऊन सांगणाऱ्या शाखा किती, याचा शोध ज्याने त्याने आपापल्या शाखेत घ्यावा. शिकणे हा पर्याय राहिला पाहिजे, दंड नव्हे.

खर्चाचा प्रश्न फार मोठा नाही. महापालिकेने ठिकठिकाणी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. तेथे कॅरम आणि वर्तमानपत्रे आहेत, संगणकाचे एक टेबल सहज बसेल. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावयाचे आहेत; सातव्या परिशिष्टात ज्येष्ठांच्या सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे आणि परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांच्या परिसरात त्यांचेच जुने कामगार राहतात. माझ्या महाविद्यालयासारख्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास सेवा करावयाची असते. त्यातील वीस तास त्यांनी एखाद्या आजोबांशेजारी, हात मागे बांधून बसण्यात घालवले तर चालण्यासारखे आहे. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा घाट मात्र कोणी घालू नये. सत्तरीतल्या माणसाला प्रमाणपत्र कोणाला दाखवावयाचे आहे?

महापालिकेचे अंदाजपत्रक उन्हाळ्याच्या तोंडावर मांडले जाते. ज्या संघांजवळ वीज असलेली खोली, दोन टेबले, रविवारचे दोन तास आणि शिकवण्यास तयार असा एखादा निवृत्त फिटर आहे, त्यांनी तसे पत्र दिवाळीपूर्वीच प्रभाग कार्यालयात द्यावे. आमच्या संघाचे पत्र टूलरूमच्या त्या गृहस्थांनी स्वतः टंकलिखित केले आहे. ‘ज्येष्ठ’ शब्दातला जोड त्यांना तीनदा मागे जाऊन दुरुस्त करावा लागला.