ऑफर लेटर वाचताना

निकाल लागले की घराघरांत एकच विषय: आता पुढे काय? मुलाखतीला कसं बसावं, शर्ट कोणत्या रंगाचा घालावा, हे सांगणारे पुष्कळ. ऑफर लेटर हाती पडल्यावर ते वाचावं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. वर्षाचं पॅकेज ठळक छापलेलं असतं. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, अनेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, हे पहिल्या पगाराचा मेसेज आल्यावर कळतं. बाँड आणि नोटीस पीरियड खाली, बारीक अक्षरांत. कुणी मूळ मार्कशीट ठेवून घेऊ लागलं तर सरळ नाही म्हणावं. दाखवायला मूळ, द्यायला झेरॉक्स.

ऑफर लेटरच्या आधीचा एक रस्ता प्रशिक्षणाचा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला सहा महिने प्रत्यक्ष काम आणि दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन. पुढे मुदत वाढली, ती संपत आल्यावर ‘कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. अनुभव मिळाला, नोकरीची हमी नव्हतीच. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर १९६१ पासून आहे. पण अजूनही कॉमर्सच्या वर्गात त्याचं नाव काढलं, की ‘ते आयटीआयवाल्यांचं ना?’ असं ऐकू येतं. नाही, बी.कॉम.वाल्यांनाही तो खुला आहे.

हा अंक या व्यवहारी बाजूवर आहे. नोकरीत मुरलेल्या वाचकांना एकच विनंती: शेजारच्या एखाद्या मुलीचं ऑफर लेटर सहीआधी तिच्याबरोबर बसून वाचा.